उलटं लावलेलं चित्र

फ्लेक्सचं प्रूफ माझ्या फोनवर आलं तेव्हा मी सावंतवाडीच्या एसटी स्टँडवर उभी होते. प्रूफ म्हणजे छपाईला जाण्याआधी तपासायला पाठवतात तो नमुना. मी फोन आडवा धरला, बोटांनी मोठं करून पाहिलं. चित्र उलटं होतं. वरची बाजू खाली गेली होती.

मी शेखरला फोन लावला. शेखर मुंबईतल्या एका पब्लिसिटी एजन्सीचा मालक. त्या वर्षी मी त्याच्यासाठी काम करत होते.

"शेखर, मास्तरांचं चित्र उलटं लागलंय."

"माहितीय. डिझायनरने मुद्दाम फिरवलंय. सरळ ठेवलं की अंधारून आल्यासारखं वाटतं. असं ठेवलं की सूर्योदय दिसतो. बघ ना."

मी पाहिलं. दिसत होता.

"पण त्यांना विचारायला हवं होतं."

"माधवी, अ‍ॅबस्ट्रॅक्ट आहे ते. कोणाला कळणारे? प्रिंटर थांबलाय. पाठवू ना?"

तेवढ्यात माझी एसटी लागली. लोक दाराकडे धावले. मी "बरं" म्हटलं आणि बॅग उचलली.

मी व्यवसायाने क्युरेटर आहे. प्रदर्शनात कोणती चित्रं घ्यायची, कोणतं कुठे लावायचं, प्रकाश कसा सोडायचा आणि शेजारच्या पाटीवर काय लिहायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे क्युरेटर. त्या पाटीला आम्ही कॅप्शन म्हणतो. लोकांना वाटतं, कॅप्शन हे किरकोळ काम. प्रत्यक्षात बहुतेक लोक आधी पाटी वाचतात, मग चित्र पाहतात, मग पुन्हा पाटी वाचतात. पाटीत 'आनंद' लिहिलं असेल तर त्यांना आनंद दिसतो. हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय आणि त्याच्या जोरावर पोट भरलंय.

मी मूळची कुडाळकडची. शिक्षण आणि नोकरी मुंबईत. त्यामुळे सिंधुदुर्गातलं काम आलं की शेखर मला बोलवायचा. "तुला तिथली भाषा येते," म्हणायचा.

ह्या कामाची ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवंय त्याचा खुलासा, त्याने मला ऑफिसात समोर बसवून दिली. क्लायंट म्हणजे एका नेत्याच्या नावाने चालणारं प्रतिष्ठान. नेत्यांना जिल्ह्यात सगळे नुसतं 'साहेब' म्हणायचे. मालवणच्या दक्षिणेला एका खाडीच्या तोंडाशी मोठी जेटी व्हायची होती. जेटी, मागे गोदामं, गोदामांकडे जाणारा रस्ता. गावाचा विरोध होता. दोन-तीन महिन्यांनी जनसुनावणी होती. असा प्रकल्प आणण्याआधी सरकारी अधिकारी गावात बसून लोकांच्या हरकती ऐकतात आणि लिहून घेतात, ती जनसुनावणी. त्याआधी वातावरण बदलायचं होतं.

"चित्रप्रदर्शनाने?" मी विचारलं.

"स्थानिक कलावंतांच्या. मॉडर्न आर्ट. म्हणजे साहेब नुसते सिमेंटवाले नाहीत, सुसंस्कृत आहेत. आणि गावातले शिकलेले, विचार करणारे लोक त्यांच्याबरोबर आहेत."

"मग होड्या, माडाची झाडं, मासेवाल्या... अशी चित्रं काढणारे पुष्कळ आहेत तिकडे."

शेखरने मान हलवली. "ते अजिबात नको. होडी दिसली की लोक विचारणार, ही कोणाची होडी, आता कुठे जाणार. बाई दिसली की म्हणणार, तोंड पाडून का बसलीय. अ‍ॅबस्ट्रॅक्ट घे. अ‍ॅबस्ट्रॅक्ट चित्र कोणाच्या विरोधात बोलत नाही. बोलायचं काम आपण करू."

मला हे नवीन नव्हतं. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की मोठ्या देशांच्या सरकारांनी ही युक्ती पूर्वीच वापरली आहे. आमच्याकडे माणूस किती मोकळा आहे हे जगाला दाखवायला त्यांनी अमूर्त चित्रांची प्रदर्शनं देशोदेशी फिरवली. पैसा कुठून येतोय हे कित्येक चित्रकारांना माहीतही नव्हतं. तेव्हा वर्गात आम्ही त्यावर तावातावाने बोललो होतो. शेखरच्या ऑफिसात मी वही उघडली आणि तारखा लिहून घेतल्या.

दिगंबर मास्तरांचं नाव मला सावंतवाडीतल्या एका फ्रेमवाल्याने सांगितलं. ते जेटीच्याच गावचे. गावातल्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. वय पन्नाशीच्या आसपास. मुंबईला आर्ट स्कुलात शिकून परत आलेले. फ्रेमवाला म्हणाला, "कायतरी वेगळांच काढतत. कोण घेत नाय. पण थांबले नायत."

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या पत्नी शालनवहिनी अंगणात काजू वाळवत होत्या.

"किनाऱ्यार गेलेत. बसा, येतले इतक्यात."

मास्तर आले ते ओल्या पायांनी. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, तळहात लालबुंद. रापण ओढून आले होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकत जाते. दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि चाळीस-पन्नास माणसं दोन रांगा करून ते ओढतात. ज्याने दोराला हात लावला त्याला मासळीचा वाटा. मग तो मास्तर असो, नाहीतर सुट्टीला आलेला मुंबईकर. जेटी झाली असती तर नेमका तोच किनारा जाणार होता.

चित्रं पडवीला लागून असलेल्या खोलीत होती. मी खूप चित्रं पाहते, त्यामुळे पटकन भारावत नाही. तिथे मात्र मी बराच वेळ एका जागी उभी राहिले. सगळ्यात मोठं चित्र भिंतभर होतं. वरचा अर्ध्याहून जास्त भाग काळपट निळा, थरावर थर दिलेला, इतका जड की अंगावर येईल असं वाटावं. खाली फिकट वाळूचा रंग. काळ्या भागातून बारीक रेघांचे दोन झुबके खाली उतरलेले, आणि वाळूत येऊन सैल पडलेले. बाकी काही नाही. ना नाव, ना आकृती.

"ह्याला काय म्हणता?" मी विचारलं.

"नंबर देतो फक्त. हे एकोणीस."

त्यांनी चित्राकडे पाहिलं आणि भाषा बदलली.

"बाय, तुमी कुडाळच्या म्हणान सांगतंय. सर्व्हेवाल्यांनी किनाऱ्यार खुंटे मारल्यानी, त्या दिसापासून ह्यां काढूक घेतलंय. दोर आसत. ओढणारे नायत."

मग मला ते दिसलं. समुद्रातून आलेले दोन दोर, आणि टोकाला रिकामी वाळू.

"हे कॅप्शनमध्ये लिहू?"

"नको. लिहिलं की लोक बघायचं सोडून वाचत बसतात. बघून कळलं पाहिजे. आमच्या बाबलदादाला कळलं तर मी जिंकलो." बाबलदादा म्हणजे त्यांचा थोरला चुलतभाऊ. रापणीचा म्होरक्या. जाळं कधी टाकायचं, कधी ओढायचं, हे ते ठरवायचे.

त्यांनी विचारलं, "प्रदर्शन कोणाचं?"

"एका प्रतिष्ठानाचं," मी म्हटलं. "जिल्ह्यातल्या चित्रकारांचं एकत्र. जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला."

प्रतिष्ठानाचं नाव मी सांगितलं नाही असं नाही. फॉर्मवर ते छापलेलं होतं. पण तो फॉर्म मी दुमडून, सही करायची जागा वर ठेवून पुढे केला. कन्सेंट फॉर्म म्हणतात त्याला. त्यात एक कलम असतं की चित्राचं छायाचित्र आयोजकांना प्रसिद्धीसाठी वापरता येईल. दर प्रदर्शनात असतंच. मी ते कधी कोणाला वाचून दाखवलेलं नव्हतं.

मास्तरांनी वाचलं नाही. "तुमी आमच्यातल्या," म्हणाले, आणि सही केली. चित्र टेम्पोत चढवण्याआधी त्यांनी मागे खडूने बाण काढला आणि 'वर' असं लिहिलं. अमूर्त चित्रांच्या मागे असं लिहायची पद्धतच आहे. त्यांनी ते दोनदा गिरवलं.

मी परतीच्या प्रवासात त्यांचं वाक्य डायरीत उतरवून ठेवलं. दोर आहेत, ओढणारे नाहीत.

ओरोसच्या प्रदर्शनासाठी मी लिहिलेली पाटी अशी होती: 'दोन तट, एक भविष्य. समुद्र आणि जमीन यांच्यातील नव्या नात्याचा आशावादी शोध.' माझ्या पहिल्या मसुद्यात 'आशावादी' नव्हतं. शेखरने घालायला सांगितलं. "शोध" हा शब्द माझा. शोध कशाचाही असू शकतो, म्हणून मला तो सुरक्षित वाटला. मी स्वतःला सांगितलं की मास्तरांनी खरं ते लिहू नका म्हटलंय, म्हणजे काहीतरी दुसरं लिहिणं भागच आहे.

उद्घाटनाला साहेब आले. फीत कापली, पाच मिनिटं सगळ्या चित्रांसमोरून फिरले आणि एकोणीस नंबरपाशी थांबले. कॅमेरे आले. साहेबांनी पाटी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "बघा. ज्या गावात चार लोक नाही नाही म्हणतायत, त्याच गावचा कलावंत काय म्हणतोय बघा."

मास्तर मागे उभे होते. इस्त्रीचा शर्ट घालून बाबलदादांना बरोबर घेऊन बसने आले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं चित्र नीट प्रकाशात, पांढऱ्या भिंतीवर लागलं होतं. त्यांचा चेहरा मी पाहत होते. साहेब बोलेपर्यंत तो आनंदाने भरलेला होता. नंतर तो काही बिघडला नाही, फक्त तिथेच अडकून राहिला.

बाबलदादांनी पाटीवर बोट ठेवून शब्द न् शब्द वाचला. मग चित्राकडे बघितलं. मग मास्तरांकडे.

"ह्यां तू लिवलंस?"

"नाय. मॅडमनी."

बाबलदादा वळले. बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मास्तर माझ्याकडे आले. रागावले नव्हते. "जरा वेगळं झालं, नाही?" एवढंच म्हणाले.

"प्रदर्शन आठ दिवसांचं आहे, मास्तर. मग पाट्या उतरतात," मी म्हटलं.

मला खरंच तसं वाटत होतं. पाट्या उतरल्याही. पण तोवर चित्राचा फोटो पत्रकांवर, कॅलेंडरवर आणि साहेबांच्या मोबाइल व्हिडिओत गेला होता. व्हिडिओत रेघा हलायच्या, त्यांतून जेटी उभी राहायची. शेखर खूश होता. "लोकांना काय वाटायचं ते वाटू दे," म्हणाला, "पण बघायला सगळे थांबतायत."

जनसुनावणी गावच्याच हायस्कुलाच्या मैदानावर होती. सकाळी अकराची वेळ. मंडप, खुर्च्या, पुढे सरकारी टेबल. फ्लेक्स मंडपात नव्हता. तो मैदानाकडेच्या शाळेच्या भिंतीवर होता, टेबलाच्या बरोबर मागे, दुमजली उंचीचा. फ्लेक्स अधिकाऱ्यांनी नव्हे, प्रतिष्ठानाने लावला होता. पण खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला अधिकाऱ्यांच्या डोक्यावर तोच दिसत होता. एका कोपऱ्यात हात जोडलेले साहेब. मधोमध निळ्या समुद्रातून वर उसळणारे सोनेरी किरण. खाली ओळ: 'आपल्या गावचा कलावंत, आपल्या जेटीसोबत.' आणि मास्तरांचं पूर्ण नाव.

ती ओळ प्रूफमध्येही होती. मी सावंतवाडीच्या स्टँडवर ती वाचली होती. फॉन्ट बरोबर आहे ना, नावात काना-मात्रा चुकला नाही ना, हे पाहिलं होतं. चित्र उलटं आहे म्हणून मी फोन केला. ओळीसाठी नाही केला. ती मला खटकलीच नव्हती. इतकी वर्षं अशा ओळी वाचून डोळ्यांना सवय झालेली असते.

मी शेवटच्या रांगेत बसले होते. शेखर माझ्या शेजारी.

गावकरी एकेक करून माइकपाशी गेले. नेहमी मालवणीत बोलणारी माणसं, पण सरकारी माणसासमोर अवघडून प्रमाण मराठीत बोलत होती. किनारा गेला तर रापण कुठे ओढायची, मासे सुकवायचे कुठे, होड्या कुठे लावायच्या. लिहून घेणारा माणूस लिहून घेत होता. बाबलदादा बोलले तेव्हा टाळ्या पडल्या. मग ते खाली बसायच्या आधी वळले आणि भिंतीकडे हात करून म्हणाले, "आणि आमच्यातलेच काही तिकडे गेलेत, त्यांनाही आम्ही बघून ठेवलंय."

मास्तर उठले. माइकपाशी जाईपर्यंत कोणी त्यांना वाट करून दिली नाही, खुर्च्यांमधून आडवे होत गेले.

"मी ह्या शाळेत चित्रकला शिकवतो," ते म्हणाले. "भिंतीवर आहे ते चित्र माझं आहे. पण मी जेटीसोबत नाही. चित्रही जेटीसोबत नाही. ते जेटीच्या विरोधात काढलेलं आहे."

अधिकारी वयस्क, सौम्य गृहस्थ होते. त्यांनी मागे वळून फ्लेक्सकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"विरोध कुठे आहे यात? मला समजावून सांगा, म्हणजे नोंदवता येईल."

"ते चित्र उलटं लावलंय."

मंडपात हशा पिकला. प्रकल्पाच्या बाजूने आणलेले लोक हसले, ते मी समजू शकले. पण गावचेही हसले. तरुण मुली तोंडाला पदर, ओढणी लावून हसत होत्या. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "सुलटं कसं ओळखायचं?"

मास्तर समजावू लागले. काळा भाग वर असतो, तो समुद्र. रेघा म्हणजे दोर, ते खाली येतात. खाली वाळू. वाळूत माणसं नाहीत. बोलता बोलता त्यांची भाषा सुटली. "दोर आसत ओ. धरणारो कोण नाय. ह्यां आमचां मरण काढलंय मी, सूर्योदय खंय दिसलो तुमकां?"

लिहून घेणाऱ्याने मान वर केली. तो बाहेरच्या जिल्ह्यातला होता. "सर, जरा मराठीत सांगा, नोंद करायचीय."

मास्तर गावकऱ्यांकडे वळले. मग त्यांनी बाबलदादांकडे पाहिलं. "दादा, तू तरी बघ. मान वाकडी करून बघ. रापणीचे दोर नाय दिसत तुका?"

बाबलदादांनी खरोखर मान वाकडी करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता ते हो म्हणतील.

"माका नुसतां निळां दिसता, दिगू," ते म्हणाले. "पन खाली तुजां नाव आसा, तां माका वाचूक येता."

मास्तर माइक धरून उभे राहिले. त्यांची नजर खुर्च्यांवरून फिरत मागे आली आणि माझ्यावर थांबली. "त्या मॅडमना विचारा," ते म्हणाले. "त्यांना मी आधीच सांगितलं होतं. त्यांना माहिती आहे."

माना वळल्या. डायरी माझ्या पर्समध्ये होती. उठायचं, पान काढायचं, वाचायचं, एवढंच काम होतं. शेखरने माझ्या मनगटावर हात ठेवला. जोरात दाबला वगैरे नाही. नुसता ठेवला आणि हळू म्हणाला, "क्लायंट इथे आहे."

अधिकाऱ्यांनी विचारलं, "कोण मॅडम? कोणाला बोलायचंय का?"

मी खाली पाहिलं. त्यांनी चार-पाच क्षण वाट पाहिली असेल. मग ते म्हणाले, "पुढचे."

त्यानंतर दोन तास सुनावणी चालली. मला त्यातलं काहीही आठवत नाही. मास्तर केव्हा निघून गेले तेही मी पाहिलं नाही.

आठवड्याने मी शेखरला काम सोडत असल्याचं कळवलं. तो म्हणाला, "तू थकलीयस, महिनाभर सुट्टी घे." मग मी साध्या कागदावर सगळं लिहून काढलं. चित्राचा अर्थ, मास्तरांनी तो मला कधी सांगितला, पाटी कोणी लिहिली, फ्लेक्सवर चित्र उलटं कसं झालं. डायरीच्या पानाची झेरॉक्स जोडली आणि बसने ओरोसला गेले.

सुनावणीचे कागद ज्या कार्यालयात गेले होते तिथल्या लिपिकाने माझं निवेदन पूर्ण वाचलं. मला बसायला खुर्ची दिली. "मॅडम, हे मी घेतो, शिक्का मारून पोच देतो," तो म्हणाला. "पण लेखी हरकती सुनावणी संपेपर्यंतच धरतात. हे फायलीला लागेल, अहवालात येणार नाही."

"त्या दिवशी मास्तर बोलले, ते तरी आलंय ना?"

त्याने अहवालाची प्रत काढली आणि पान शोधून माझ्यापुढे धरली. मास्तरांच्या नावापुढे एक ओळ होती. 'सदर ग्रामस्थाने कार्यक्रमस्थळावरील सजावटीबाबत सूचना केली.'

मी ती दोनदा वाचली. लिहिणाऱ्याने खोटं लिहिलं असं मला म्हणता येईना. त्याला जे कळलं ते त्याने लिहिलं होतं.

मी एका वर्तमानपत्रालाही पत्र पाठवलं. ते वाचकांच्या पत्रव्यवहारात निम्मं कापून आलं. उरलेल्या निम्म्यात चित्रकलेचं रसग्रहण शाळेतून शिकवलं पाहिजे, असं मी म्हणत असल्यासारखं वाटत होतं.

जेटीला परवानगी मिळाली. सुनावणीत चित्र सरळ लागलं असतं तर ती मिळाली नसती, असं मी मानत नाही. तेवढी मी भोळी नाही. पण मास्तरांचं गाव त्यांच्यापाशी राहिलं असतं.

पावसाळ्यानंतर काम सुरू होण्याआधी त्या किनाऱ्यावर शेवटची रापण ओढली गेली. हे मला शालनवहिनींनी सांगितलं. रापण टाकली की वाडीत हाळी देत फिरायची पद्धत आहे, घरोघरची माणसं मग किनाऱ्यावर जमतात. त्या सकाळी हाळी शेजारच्या घरापर्यंत आली आणि मास्तरांचं घर सोडून पुढे गेली. मास्तर पँट दुमडून पडवीत तयार बसले होते. वहिनी म्हणाल्या, "तसेच जावा, दोराक हात लावा, कोण काय म्हणतला?" ते गेले नाहीत. किनाऱ्यावरचा गलका घरात ऐकू येत होता. दुपारी बाबलदादांची सून मासळीची टोपली घेऊन आली. म्हणाली, "मामंजींनी दिल्यानी." वहिनींनी घेतली. मास्तरांनी ती परत पाठवली. हात लावला नाही तर वाटा कसला, म्हणाले.

मी त्यांना भेटायला गेले ते त्यानंतर. सुनावणीला वर्ष उलटून गेलं होतं. किनाऱ्याला पत्र्याचं कुंपण लागलं होतं आणि घरात बसलं तरी खांब ठोकल्याचा आवाज येत होता. वहिनींनी चहा दिला. मास्तर पडवीत एका पाटीवर अक्षरं रंगवत होते. कोणाच्या तरी घरगुती खाणावळीची पाटी. बाजूला माड, होडी, मावळता सूर्य.

मी माफी मागितली. वाक्य तयार करून गेले होते, ते सगळं बोलले. त्यांनी ब्रश थांबवला नाही.

"तुम्ही उठला असतात तरी लोकांनी तुमचं ऐकलं असतं असं नाही," ते म्हणाले. "तुम्हाला बघून कोणी हसलं नसतं, एवढंच."

"मोठं चित्र कुठे आहे?"

"आतच. ओरोसहून आलं तसं बांधलेलं. सोडलं नाही."

"पुन्हा काढणार नाही?"

त्यांनी अक्षराची कड पुसून नीट केली. "ह्यां बरां," ते मालवणीत म्हणाले. "भाजी-भाकरी लिवलां की भाजी-भाकरीच. कोण दुसरां कायच वाचूचो नाय."

मी आता क्युरेटरचं काम क्वचित घेते. मुंबईत एका कॉलेजात आठवड्यातून दोन तास शिकवते. कॅप्शन कशी लिहावी, हा विषय असतो. मी मुलांना सांगते की पाटी छापण्याआधी चित्रकाराला वाचून दाखवा आणि खाली त्याची सही घ्या. फॉर्म उलगडून द्या, कलमं मोठ्याने वाचा. प्रूफमधलं चित्र तपासून झालं की खालची ओळ तपासा, आणि ती शुद्ध आहे का याआधी ती खरी आहे का हे बघा. मुलं लिहून घेतात. गेल्या वर्षी त्यांतल्या दोघांना नोकरी लागली. दोन्ही पब्लिसिटी एजन्सीत.